जुन्या गोठ्यातली धार

शहरातल्या शाळेत धाकटीच्या शेजारी बाकावर बसायला कोणी तयार नसे. का, ते तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. पुढच्या बाकावरची मुलगी नाकाला रुमाल लावून म्हणाली, "बाई, हिच्या अंगाला गोठ्याचा वास येतो." वर्ग खो खो हसला. बाईंनी सगळ्यांना दटावलं आणि दटावता दटावता स्वतःच उठून खिडकी उघडली. हसणाऱ्या पोरांचं तिला फारसं काही वाटलं नाही. बाईंनी खिडकी उघडली ते मात्र वर्मी लागलं.

वास येणारच होता. आई गेली तेव्हा धाकटीला धड वेणीही घालता येत नव्हती. बाप पहाटे धारा काढायचा आणि हात पुसून तिच्या केसांना भिडायचा. त्याला दावं वळता येत होतं, तशीच तो तिची वेणी वळायचा, इतकी घट्ट की दिवसभर तिच्या भुवया वर चढलेल्या असत. मग सायकलला मागे दुधाचे कॅन, पुढे दांडीवर ती, अशी वरात शहराकडे निघे. शाळेच्या अलीकडच्या वळणावर ती म्हणायची, "बाबा, मी इथंच उतरते." पहिल्या दिवशी त्याने कारण विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही. "उतर. तेवढेच पाय मोकळे होतील," एवढंच म्हणायचा आणि ती दिसेनाशी होईपर्यंत सायकल पुढे काढायचा नाही.

दादा तिच्याहून बराच मोठा. त्याला शाळेने सोडलं की त्याने शाळेला, यावर घरात दोन मतं होती. पण तो गोठ्यात रमला हे खरं. धाकटीने शिकावं, हे बापाइतकंच त्याच्याही मनात होतं. गावात कोणी म्हणालं, "पोरीला एवढं शिकवून काय करणार?" की तो उलट विचारायचा, "तुमच्या पोराला न शिकवून तुम्ही काय केलंत?"

ती शिकली, शहरात राहिली आणि एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे कामाला लागली. नवरा-नवरीला हसवायचं, रुसलेल्या आत्याला रांगेत ओढून आणायचं, जेवणाऱ्यांच्या तोंडात घास असताना कॅमेरा त्यांच्याकडे फिरवायचा नाही, हे सगळं ती तिथे शिकली. वडील काय करतात असं कोणी विचारलं की सांगायची, "दुधाच्या व्यवसायात आहेत." ऐकणाऱ्याला मोठी डेअरी वाटायची. ती वाटू द्यायची.

मग एकदा तिने आपली कामं दाखवायला एका गॅलरीवालीकडे नेली. गॅलरीवाली नवरीबाईंचे फोटो पत्ते पिसावेत तसे सरकवत होती. मध्येच थांबली. चुकून आलेला एक फोटो होता: कॅनचं झाकण दाबून बसवणारे दोन हात.

"हे कोणाचे?"

"वडिलांचे. गावाकडे गोठा आहे आमचा," धाकटी म्हणाली. आता बाई उठून खिडकी उघडणार, असं तिला उगाचच वाटून गेलं.

"म्हणजे तू खेड्यातली? मग आधी का नाही बोललीस? अगं, तुझ्या घरात खाण आहे आणि तू इथं लोकांच्या लग्नात उजेड पाडत बसलीस!"

आयुष्यात पहिल्यांदाच गोठ्याचं नाव ऐकून कोणाचे डोळे चमकले होते. धाकटीला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

ती कॅमेरा घेऊन गावी गेली. तोवर दादाने बरंच काही करून ठेवलं होतं. जुन्या गोठ्याशेजारी नवा गोठा, वर पत्रे, खाली सिमेंटचा कोबा, धारा काढायची दोन मशीन. बापाचे गुडघे आणि बोटं आताशा त्रास देत, त्यामुळे तो फक्त गाईंशी गप्पा मारायला आणि दादाच्या चुका काढायला गोठ्यात येई. दादाने बहिणीला सगळं फिरवून दाखवलं. "हे काढ. हे बघ, इथून पाणी आपोआप जातं. हे काढलंस का?" तिने त्याचं मन राखायला पाच-सहा फोटो काढले. वहिनी मशीन धुताना, दादा बटण दाबताना.

गॅलरीवालीने ते बघून नाक मुरडलं. "हे पत्र्याचं नको गं. असं कुठंही मिळतं. तुझं लहानपण कुठंय? ते आण."

लहानपण जुन्या गोठ्यात होतं. तिथे आता मोडकी खाट, रिकामी पोती आणि वैरण पडलेली असे. पण भिंतीत वर एक झरोका होता. सकाळी त्यातून उन्हाचा पट्टा तिरपा आत यायचा आणि त्यात धूळ तरंगायची. धाकटीने दादाची बोलणी खाऊन सगळी अडगळ बाहेर काढली आणि बापाला म्हणाली, "बाबा, एकदाच. पूर्वीसारखी धार काढाल? हाताने?"

बाप खूश झाला. लेक इतक्या वर्षांनी गोठ्यात पाय ठेवत होती आणि वर त्याच्याकडे काही मागत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून हजर.

"असा नको," धाकटी म्हणाली. "तो जुना बनियन घाला ना. भोकांचा."

"त्याने मशीन पुसतात आता."

"चालेल."

वहिनीने तोंडावर पदर धरला. बापही हसला, पण शर्टाची बटणं काढायला त्याने जरा वेळ घेतला.

गाय होती ती दादा जिला 'सरकार' म्हणायचा, कारण तिच्या मनात असेल तेव्हाच ती दूध देई आणि तक्रार कोणाकडे करायची हे कोणाला ठाऊक नसे. सगळ्यांत देखणी म्हणून धाकटीने तिलाच निवडलं. पण सरकारला सगळी सवय मशीनची. हाताने धार काढून घेणं तिला माहीतच नव्हतं. दादा शहरात दूध घालायला गेला होता. तो घरी असता तर त्याने हे होऊच दिलं नसतं. बाप उकिडवा बसला, तेव्हा त्याचे गुडघे वाजलेले वहिनीलाही ऐकू गेले. त्याने सरकारच्या कुशीला कपाळ टेकलं, काहीतरी पुटपुटला, आणि पहिली धार बादलीत वाजली.

"बाबा, इकडे बघू नका. मी नाहीच असं समजा. मान अजून खाली. तसंच."

उजेड कमी पडत होता म्हणून धाकटीने एक मोठा चकचकीत चंदेरी पुठ्ठा गव्हाणीला टेकवून ठेवला होता. झरोक्यातलं ऊन त्यावरून परतून बापाच्या पाठीवर पडत होतं. तिने एकामागून एक फोटो घेतले. बोटं थरथरायला लागली तसा बाप म्हणाला, "झालं का गं?" ती म्हणाली, "एकच, बाबा, एकच." तेवढ्यात पुठ्ठा घसरला. उन्हाची तिरीप सरकारच्या डोळ्यांत गेली, फटकन आवाज झाला, आणि गाईने लाथ झाडली. बाप मागे गव्हाणीच्या दगडावर आदळला.

बादली लवंडली. धाकटीचा हात आधी कॅमेऱ्याकडे गेला. लेन्सला धक्का लागला का, ते तिने चाचपलं आणि मग ती धावली. मध्ये निमिषही गेलं नसेल. पण वहिनी दारात उभी होती आणि तिने ते पाहिलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. बाप म्हणाला, "माशी चावली असेल गाईला. जनावरच ते." गावातल्या माणसांनी विचारलं, तेव्हाही माशीच. दादाने मात्र परत आल्यावर जुन्या गोठ्यात जाऊन पाहिलं होतं. चंदेरी पुठ्ठा दुधात पालथा पडला होता. तो तिला एवढंच म्हणाला, "मशीन घेतलं ते त्यांचे हात राहावेत म्हणून. तू पायच घालवलेस."

लाथेच्या आधीचा शेवटचा फोटो अप्रतिम आला होता. वाकलेली पाठ, भोकांच्या बनियनमधून दिसणारे मणके, गाईच्या कुशीत बुडालेलं डोकं, आणि अंधारात दोऱ्यासारखी पांढरी धार. गॅलरीवालीने तो बघितला आणि बाकीचे सगळे फोटो बाजूला सारले. फोटोला नाव दिलं 'धार'. त्याला बक्षीस मिळालं. मग मोठं प्रदर्शन ठरलं, आणि समोरच्या भिंतीवर एकटा तोच, माणसाहून मोठा.

प्रदर्शनाला यायचा हट्ट बापाचा. दादा नाही म्हणत होता. पण बापाने जेवणावर बहिष्कार टाकला आणि दुसऱ्या जेवणाला दादा नमला. वॉकरचे चार पाय टेकत, इस्त्रीचा शर्ट घालून बाप त्या पांढऱ्याशुभ्र हॉलमध्ये आला. दादा मागे, कधीही पडेल अशा भांड्यावर नजर ठेवावी तसा. बाप 'धार'पुढे उभा राहिला.

"माझं तोंड का नाही गं दिसत यात?"

"तोंड दिसलं नाही की तो सगळ्यांचा बाप होतो, बाबा."

बापाने जरा विचार केला. "सगळ्यांचा?" तो म्हणाला. "मला आपली तुम्ही दोघंच झेपली."

बाजूला एक जोडपं उभं होतं. त्यातली बाई हळहळली, "अजूनही हातानेच काढतात बघ बिचारे. मशीन कुठून परवडणार यांना?"

"मशीन आहे की," बाप तिच्याकडे वळून अगदी अगत्याने म्हणाला. "दोन आहेत. हा माझा मुलगा, यानेच आणली."

बाई गोंधळली. तिथून दोन पावलांवर एक वार्ताहर वही उघडून उभा होता. त्याने कान टवकारले. "म्हणजे, आजोबा, फोटोत हे तुम्हीच का? मग हे रोजचं काम नाही? खास फोटोसाठी?"

बापाने लेकीकडे पाहिलं. गॅलरीवालीही तिच्याकडे पाहत होती. धाकटीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. हा प्रश्न तिला विचारला असता तर तिने काय सांगितलं असतं, हे तिला आजही छातीठोकपणे सांगता यायचं नाही. पण उत्तर तिच्यावर आलंच नाही.

"रोजचंच," बाप म्हणाला. "मशीन आपली दाखवायला आहेत. वीज असते कुठे आमच्याकडे! हातानेच काढतो मी. अगदी परवापर्यंत काढत होतो."

आयुष्यात बापाने दुधात पाण्याचा थेंब घातला नव्हता. वीज असते कुठे, म्हणे! त्या विजेसाठी दादाने किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. तो पुढे झाला, बापाचं कोपर धरलं आणि बहिणीकडे न बघता म्हणाला, "चला बाबा. हिचं काम झालंय."

धाकटी दारापर्यंत गेली. बाप गाडीत बसता बसता तिला म्हणाला, "बरोबर बोललो ना गं?" तिने मान डोलावली. त्याचा जीव भांड्यात पडला.

त्या हिवाळ्यात बापाने पुन्हा अंथरूण धरलं. छातीत कफ झाला आणि पडून असलेल्या माणसाला तो पेलवला नाही. धाकटी पोचली तेव्हा सगळं आटोपत आलं होतं. माणसं पांगल्यावर दादा तिच्यापुढे येऊन उभा राहिला. प्रदर्शनापासून तो तिच्याशी बोलला नव्हता.

"बाबांचा एक फोटो दे. घरात लावायला."

"देते ना," ती म्हणाली. तिला जवळजवळ आनंदच झाला. दादाला देण्यासारखी तेवढी एकच गोष्ट तिच्यापाशी उरली होती आणि ती ढिगाने होती.

ती लॅपटॉप उघडून माजघरात बसली. हात. पाठ. भेगाळलेल्या टाचा. मानेवरच्या सुरकुत्या. भिंतीवरची सावली. काठीवर टेकलेली हनुवटी, आणि बाकीचं तोंड चौकटीबाहेर. झोपलेला बाप. ज्यात चेहरा होता, त्यात नजर खाली होती, कारण प्रत्येक वेळी तीच म्हणाली होती, बाबा, इकडे बघू नका. दुपार सरली. वहिनी चहा ठेवून गेली तो तसाच गार झाला. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"मिळाला?"

"बघतेय."

"एवढे काढलेस. त्यात माणूस नाही?"

तिने पुढचा फोटो उघडला. शेवटी वहिनीनेच आपला फोन आणला. पहिलं मशीन आलं त्या दिवशीचा फोटो होता. नव्या जावयाच्या खांद्यावर ठेवावा तसा बापाने मशीनवर हात ठेवला होता आणि तो दात दाखवून हसत थेट समोर बघत होता. फोटो किंचित हलला होता. वरून डोकं जरा कापलं गेलं होतं आणि मागचा खांब बापाच्या कानातून उगवल्यासारखा दिसत होता. लग्नाच्या फोटोग्राफरने असा फोटो दाखवला असता तर त्याला धंदा बंद करावा लागला असता. आणि तो बाबांचा फोटो होता. बघताक्षणी धाकटीला हुंदका आला, जो दिवसभर आला नव्हता.

"मी जरा नीट करून देते," ती डोळे पुसत म्हणाली. "खांब काढता येईल. उजेडही—"

"हात लावू नकोस," दादा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तो खांब मी रोवलाय."

तोच फोटो मोठा करून लावला. धाकटी दिवस-कार्य उरकेपर्यंत राहिली. निघताना वहिनी बसपर्यंत आली. दादा आला नाही.

पुढे एका प्रकाशकाने तिच्या फोटोंचं पुस्तक काढायचं ठरवलं. प्रत्येक फोटोसोबत थोडा मजकूर हवा होता, तिच्या जडणघडणीबद्दल, मातीशी असलेल्या नात्याबद्दल. संपादकाचे शब्द असेच असायचे. बाकीचं तिने भराभर लिहिलं. 'धार'पाशी अडली. मग एकदा बसली आणि जसं झालं तसं लिहून काढलं. मशीन, इस्त्रीचा शर्ट, भोकांचा बनियन, चंदेरी पुठ्ठा, आणि लेन्स चाचपणारा आपला हात. लिहून झाल्यावर तिला ताप उतरल्यासारखं हलकं वाटलं. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं म्हणून तिने ते पाठवून दिलं.

संपादकाने तिला बोलावून घेतलं. सज्जन माणूस होता. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फार प्रामाणिक आहे हे. मी वाचून हेलावलो. पण मला असं वाटतं, की लोक या फोटोवर प्रेम करतात. हे वाचल्यावर त्यांना फसल्यासारखं होईल. आणि तुमच्या वडिलांनी स्वतःच त्या वार्ताहराला सांगितलं आहे, छापूनही आलंय, की ते रोज असंच करत. त्यांना खोटं पाडायचं का आता, ते गेल्यावर?"

बाप तिच्यासाठी बोललेलं खोटं आता त्याच्याच अब्रूच्या नावाने तिच्यासमोर ठेवलं जात होतं.

"तुमचं पुस्तक आहे," संपादक म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

ती म्हणू शकली असती, राहू दे. संपादकाने ते ठेवलंही असतं. तो तसा शब्दाचा माणूस होता. ती खिडकीबाहेर बघत राहिली. खाली एक माणूस गाडी मागे घेत होता आणि दुसरा त्याला हातवारे करून सांगत होता, ये, ये, अजून ये.

"काढून टाका," ती म्हणाली.

पुस्तक देखणं झालं. 'धार'समोरचं पान कोरं ठेवलं होतं. त्या कोऱ्या पानाचंही पुष्कळ कौतुक झालं. पहिली प्रत तिने गावी पाठवली. आत काय लिहावं ते न सुचल्याने काहीच लिहिलं नाही. बरेच दिवस काही कळलं नाही, तेव्हा तिनेच वहिनीला फोन लावला.

"मिळालं," वहिनी म्हणाली. "फार जड आहे गं. पोरांच्या पायावर पडायचं, म्हणून वर ठेवलंय."

"दादाने पाहिलं?"

"त्यांना वेळ कुठे असतो."

"काही म्हणाला?"

पलीकडे मशीनची घरघर चालू होती आणि कोणीतरी गाईला रागावत होतं. तो आवाज थेट बाबांसारखा वाटला. दादाच होता तो.

"देऊ का त्यांना?" वहिनीने विचारलं. तिने फोन बाजूला धरून हाक मारली असावी, कारण घरघर मोठी झाली आणि मग पुन्हा लहान झाली. "धारा चालल्यात म्हणतात. नंतर करतो म्हणतात."

"बरं," धाकटी म्हणाली.

नंतर फोन आला नाही. तिनेही पुन्हा केला नाही. पुढच्या प्रदर्शनासाठी तिला परदेशातून बोलावणं आलं होतं आणि त्यांना 'धार' आणखी मोठा करून हवा होता.